ऐन थंडीतला वणवा
वणवा म्हटला की आपल्याला फाल्गुन-चैत्रातला सह्याद्री आठवतो. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र भर जानेवारीतही ‘सांता आना’ वाऱ्यांचा धाक असतो. थंडीत नेवाडा-युटाच्या उंच वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढतो आणि तिथली कोरडी हवा खिंडींतून समुद्राकडे उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि सायकलच्या पंपातल्या हवेसारखी तापते, दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने! बाष्प तेवढेच, तापमान जास्त. म्हणून सापेक्ष आर्द्रता कधी कधी दहा टक्क्यांच्याही खाली जाते.

हे वारे दरवर्षीचेच. खरी मेख पावसात आहे. तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला, आणि ‘ला निना’च्या, म्हणजे विषुववृत्तीय प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गार असते त्या वर्षी, तो बहुधा रुसतो. २०२५च्या जानेवारीआधीचे दोन हिवाळे चांगले ओले गेले होते, त्यामुळे गवत-झुडपे माजलेली. मग मे २०२४पासून लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात जेमतेम चार मिलिमीटर पाऊस! ७ जानेवारीला पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे पेटले. १६,०००हून अधिक बांधकामे नष्ट झाली.

हंगामी अंदाज कोरड्या हिवाळ्याची शक्यता तेवढी सांगतो. वाऱ्याचा नेमका इशारा काही दिवस आधीच मिळतो; मग तारांतून ठिणगी पडू नये म्हणून वीजकंपन्या धोक्याच्या भागातल्या तारांमधला प्रवाहच बंद करतात.