भीती वेगळी, आजार वेगळा : न बोलल्या जाणाऱ्या एका काळजीबद्दल



मासेमारी बंदीचे 61 दिवस आता संपत आले. 1 ऑगस्टला होड्या पुन्हा बाहेर पडतील. जाळी शिवून झाली, इंजिनं तपासून झाली. आज मात्र डिझेल, लायसन्स किंवा विम्याबद्दल नाही, वेगळ्याच विषयावर लिहितोय. विषय अवघड आहे, पण जेटीवर कुजबुजीत चालतो आणि कुजबुजीतून चुकीचंच जास्त पसरतं.

महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातून कधी काही घडतं. कुणाचं चुंबन, कुणाला मिठी, कुठे मालिश, कधी निरोध वापरून आलेला संबंध. घटना पाच-दहा मिनिटांची, पण काळजी सहा महिने पुरते. "मला एड्स झाला असणार" हे डोक्यात बसतं. जेवण जात नाही, झोप लागत नाही. घरी आल्यावर बायकोजवळ जायची भीती, पोराचा पापा घ्यायची भीती. खासगी लॅबमध्ये दर पंधरा दिवसांनी रक्त देणं सुरू. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच.

कशाने होत नाही

एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीतला व गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. थुंकी, घाम, अश्रू यांतून नाही. म्हणून हात लावणं, मिठी, गालावरचं किंवा ओठांचं चुंबन, अंगावरून हात फिरवणं, एकाच ग्लासातून पाणी पिणं, एका ताटात जेवणं, जेटीवरचा संडास, डास चावणं, होडीत एका चादरीवर झोपणं, यांतल्या कशानेही एचआयव्ही होत नाही.

आपल्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न: शेंगाळ्याचा काटा लागून हात फाटलाय, त्यात दुसऱ्याने ओढलेल्या दोराला हात लागला, तर? काळजी नको. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. दोरावरच्या घामाने किंवा सुकलेल्या डागाने तो लागत नाही. पण दाढीचं ब्लेड मात्र प्रत्येकाने आपापलंच वापरावं. कावीळ 'ब' चा विषाणू जास्त चिवट असतो. त्याची लस मिळते, ती घेऊन ठेवलेली बरी.

कुठे सावध राहायचं

निरोधाशिवाय योनीमार्गे किंवा गुदमार्गे संबंध आला, किंवा निरोध फाटला, तर तो खरा धोका. मुखमैथुनातून एचआयव्हीचा धोका अगदी कमी, पण परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), हर्पिस लागू शकतात. ओठावर फोड आलेल्या व्यक्तीच्या चुंबनाने हर्पिस होऊ शकतो. निरोध एचआयव्हीपासून चांगलं संरक्षण देतो, पण झाकल्या न जाणाऱ्या त्वचेवरच्या फोडांपासून पूर्ण नाही.

खरा धोका घडला असेल तर 72 तासांच्या आत सरकारी इस्पितळ गाठा. एचआयव्ही टाळण्यासाठी 28 दिवसांची गोळी असते, तिला पीईपी म्हणतात. जितकी लवकर सुरू तितकी बरी, 72 तास उलटले की उपयोग नाही. म्हणून अशा वेळी "ट्रिप मारून येतो, मग बघू" करू नका. आधी डॉक्टर, मग समुद्र.

अंगावरची लक्षणं वाचताना

घाबरलेला माणूस स्वतःचं अंग दिवसातून दहा वेळा तपासतो आणि काही ना काही सापडतंच. ओली पँट, खारं पाणी आणि रबरी बूट यांमुळे जांघेत गजकर्ण होणं आपल्याकडे रोजचंच. समुद्रावर पाणी कमी प्यायलं की लघवी पिवळी होते, जळजळते. लिंगावरचे बारीक पांढरे ठिपके बऱ्याच जणांना जन्मभर असतात, लक्ष मात्र आताच जातं. छातीत धडधड, रात्रीचा घाम, पोट बिघडणं, वजन उतरणं हे सगळं नुसत्या चिंतेनेही होतं.

पण लघवीच्या जागी पू, न दुखणारी जखम, फोड, जांघेत गाठ असं काही दिसलं तर अंदाज बांधत बसू नका. सरकारी इस्पितळातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. परमा आणि गरमी दोन्ही औषधाने पूर्ण बरे होतात. "गुप्तरोगाचा खात्रीशीर कोर्स" विकणाऱ्या पाटीवाल्यांपासून मात्र लांब राहा. तुमची भीती हाच त्यांचा धंदा.

चाचणी: एकदाच, पण योग्य वेळी

आज घटना, उद्या चाचणी, याचा उपयोग नाही. लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी 45 दिवसांनी भरवशाची असते. बोटातून रक्त घेऊन होणारी झटपट चाचणी 3 महिन्यांनी. त्या तारखेला रिपोर्ट निगेटिव्ह आला की त्या घटनेपुरता विषय संपला. पीईपी घेतली असेल तर डॉक्टर देतील ती तारीख धरा. गरमीची रक्तचाचणीही सोबत करून घ्या.

बांबोळीचं गोमेकॉ, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं इथे एचआयव्ही चाचणी मोफत होते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, नाव गुप्त राहतं. आणि समजा पॉझिटिव्ह आलाच, तरी जग बुडत नाही. सरकारी औषध फुकट आहे. ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

टोचणी रक्तात सापडत नाही

आता मुख्य गोष्ट. धोका नगण्य, रिपोर्ट निगेटिव्ह, तरी काही जणांचं समाधान होत नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग "लॅबने चूक केली असेल" सुरू. कारण त्यांचा खरा प्रश्न आजाराचा नसतोच. "मी चुकलो, आता शिक्षा होणार" हा असतो. विषाणू पाप-पुण्य बघत नाही. काहीही न चुकलेल्या बायकांना तो झालाय आणि बेफिकीर माणसं सुटलीत. रक्ताचा रिपोर्ट शरीराबद्दल सांगतो, मनाचा हिशेब तो चुकता करू शकत नाही.

तो हिशेब वेगळा करावा लागतो. पुन्हा तसं वागायचं नाही असं ठरवलं असेल तर ते पाळायचं. मोबाईलवर लक्षणं शोधणं बंद करायचं. एका विश्वासाच्या माणसाशी बोलायचं. खरा धोका घडला असेल तर चाचणी होईपर्यंत बायकोसोबत निरोध वापरा. तिलाही कळण्याचा हक्क आहे, ती गरोदर असेल तर उशीर अजिबात नको. धोका नव्हताच, तर काय सांगायचं हा तुमच्या दोघांच्या नात्याचा प्रश्न आहे. तो शांतपणे सोडवा, मध्यरात्री घाबरून नव्हे.

मालक, तांडेल आणि घरच्यांना

चार रात्री न झोपलेला खलाशी विंचजवळ उभा असेल तर धोका सगळ्या होडीला. कुणी गप्प झाला, जेवत नाही, असं दिसलं तर चेष्टा नको, बाजूला घेऊन विचारा. जिवाचं बरं-वाईट करायची भाषा कुणी बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्या ट्रिपला नेऊ नका.

1989 साली डॉमिनिक डिसोझा या गोंयकाराला रक्तदानानंतर एचआयव्ही निघाला म्हणून पकडून म्हापशात एकट्याला डांबून ठेवलं होतं. त्या भीतीची सावली अजून आपल्यावर आहे. आज कायदा उलटा आहे. 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी नाही, आणि कामावर घेण्यासाठी एचआयव्हीची अट घालता येत नाही. परराज्यातल्या खलाशांनाही हाच नियम.

फोन लक्षात ठेवा: एचआयव्हीबद्दल 1097, मनाच्या त्रासाबद्दल टेलिमानस 14416. दोन्ही मोफत.

ही पोस्ट लाईक करायला लाजत असाल तर करू नका. पण ज्याला गरज आहे असं वाटतं, त्याला गुपचूप पाठवा. सगळ्यांना सुखरूप हंगाम लाभो.