बाळ वाचले, पण अंग धरले का?

गैरसमज : महाराष्ट्र पुढारलेला आहे, इथल्या आरोग्याची काळजी नको.

वस्तुस्थिती : बाळंतपणात राज्य खरोखरच पुढे आहे. 2018-20 या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले. देशात याहून कमी दर फक्त केरळचा होता. सुमारे 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) पाच वर्षांखालील 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. मूल वाचते, पण अंग धरत नाही.

गैरसमज : कुपोषण मेळघाट-नंदुरबारसारख्या आदिवासी भागांपुरतेच आहे.

वस्तुस्थिती : तिथे ते तीव्र आहेच. मात्र 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी सुमारे 9 टक्के आहेत. तिनांतले एक मूल खुरटत असेल, तर ती सगळी मुले पाड्यांवरची असूच शकत नाहीत. शहरांतल्या वस्त्यांत आणि उसाच्या फडावरच्या कोप्यांतही ती आहेत.

गैरसमज : रक्त कमी असणे हा फक्त गरोदर बाईचा प्रश्न.

वस्तुस्थिती : त्याच पाहणीत 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 69 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. त्याला घाबरून अनेकजणी गोळ्या सोडतात, पण तो रंग लोहाचाच असतो आणि त्याने अपाय होत नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

गैरसमज : नवजात बाळाला वाचवायचे तर मोठे रुग्णालयच हवे.

वस्तुस्थिती : गंभीर आजारी बाळाला रुग्णालय लागतेच, पण धोका आधी घरात ओळखावा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना हे शिकवले. 39 गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. आज याच पद्धतीने गावातली आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, घरी येते, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन करते, अंगाचा ताप बघते, घड्याळ लावून श्वास मोजते. श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचे.

आशाताईला दारातून परत पाठवू नका. घरातल्या मुलींचे आणि स्वतःचेही हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.