ब्रेस आणि बूट

पक्षाघात, लहानपणी झालेला पोलिओ किंवा पायाच्या नसेची इजा यांमुळे काहींचा चवडा लुळा पडतो. पाऊल उचलले तरी बोटे जमिनीला घासतात, ठेच लागते आणि माणूस पडतो. हे टाळण्यासाठी पोटरीपासून तळव्यापर्यंत ब्रेस देतात. जुन्या पद्धतीच्या कॅलिपरच्या सळया बाहेरून बुटालाच जडवीत. प्लॅस्टिकचा ब्रेस मात्र बुटाच्या आत जातो. अडचण येते ती इथेच! नेहमीच्या बुटात तो मावत नाही, पाय आवळतो, आणि आठ दिवसांत ब्रेस माळ्यावर जाऊन पडतो.

तेव्हा वाचकहो, ब्रेस बुटाप्रमाणे कापायचा नसतो. बूट ब्रेसप्रमाणे निवडायचा असतो. दुकानात ब्रेस घालूनच जा. बूट रुंद, खोल आणि पुढपर्यंत नाडीने उघडणारा घ्या. त्याचा सुकतळा सुटा निघायला हवा. तो काढला की ब्रेसला जागा होते. मग काढलेल्या सुकतळ्याचं काय करायचं? तो दुसऱ्या बुटात घाला. त्या पायाला सैल झालेला बूट भरून निघतो, आणि दोन्ही पायांची उंचीही बरीचशी जुळते.

टाचेची उंची मात्र मनाने बदलू नका. ब्रेस ठरावीक टाचेसाठी बेतलेला असतो. टाच वाढली की नडगी पुढे झुकून गुडघा वाकतो; कमी झाली की गुडघा मागे रेटला जातो.

घालण्याचीही रीत आहे. ब्रेसच्या वर येईल असा लांब सुती मोजा सुरकुती न ठेवता चढवा. टाच ब्रेसमध्ये मागपर्यंत टेकवा, पट्टा बांधा, आणि मगच पाय बुटात घाला. घरात नुसत्या ब्रेसने फरशीवर चालू नका, तो घसरतो; घरासाठी निराळा, स्वच्छ जोडा ठेवा.

ब्रेस काढल्यावर पाय नीट पाहा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर काळजी नाही. राहिली, किंवा फोड आला, तर ब्रेस करून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे जा. तो प्लॅस्टिक तापवून नेमक्या जागी फुगवटा देतो. घरी कानस किंवा मेणबत्ती चालवू नका. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांना जखम झाली तरी कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ असे त्यांनी मुळीच समजू नये. तळव्याखाली आरसा धरून रोज पाय तपासावा.