शेक घेताना तोंड आले तर...

नंदुरबारच्या मिरचीचे नाव दूरवर आहे. पण तोंडाच्या वा घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्या बांधवाला तिचा कणही सोसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेकांचे तोंड येते, फोड येतात, पाणीसुद्धा गिळवत नाही.

शेक साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. परळच्या टाटा रुग्णालयात जावे तर मुंबईत राहण्याचा खर्च आणि इकडे दुकानाला कुलूप. त्यात तोंड आले की माणूस 'बरे वाटले की परत येऊ' म्हणत घरची गाडी धरतो. आम्ही व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो, हा सौदा तोट्याचा आहे. मध्येच खंड पडला की रोगाच्या पेशींना वाढायला सवड मिळते आणि आधीचा शेक वाया जाण्याची भीती असते.

या त्रासावर प्रकाशाचा उपचार आहे. मंद शक्तीचा तांबडा लेसर तोंडात ठिकठिकाणी थोडा वेळ धरतात. त्यात ना चिरणे, ना भाजणे. या प्रकाशाने पेशींची ऊर्जा वाढते, सूज उतरते आणि जखम लवकर भरते.

कर्नाटकातील मणिपाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २२१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. सुमारे निम्म्यांना खरा प्रकाश दिला, बाकीच्यांना नुसता दिल्यासारखे केले. खरा प्रकाश मिळालेल्यांत तीव्र फोड व वेदना कमी आढळल्या, जालीम वेदनाशामकेही कमी लागली.

हा उपचार शेकाबरोबर पहिल्यापासून घेतला तर अधिक उपयोगी. म्हणून शेक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, 'आपल्याकडे ही सोय आहे का?' मात्र याने कॅन्सर बरा होत नाही, फोड आटोक्यात राहतात. बाजारातला कोणताही लाल दिवा आणून तोंडात धरू नये. प्रकाश किती आणि कुठे द्यायचा, हे डॉक्टरच ठरवतात.

सोय नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, मऊ व बिनतिखट जेवावे. रमजानमध्ये आजाऱ्याला रोज्याची सवलत शरीअतनेच दिली आहे, ती घ्यावी.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आपल्या दुकानात तो चोरूनही ठेवू नये, ही व्यापारी बांधवांना आमची विनंती.