गणित अध्यापनाला आंतरजालाची जोड

ग्रामीण विकासाची कोणतीही योजना घेतली, तरी तिच्या मुळाशी कोठे ना कोठे हिशेब असतोच. पीककर्जावरील व्याज असो, बचत गटाची वर्गणी असो वा ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प असो, आकडे वाचू, ताडू आणि पडताळू शकणारा नागरिकच योजनेचा खरा भागीदार होऊ शकतो. या नागरिकाची जडणघडण प्राथमिक शाळेतील गणिताच्या तासाला सुरू होते. म्हणूनच हा तास कसा चालतो, हा प्रश्न केवळ शिक्षण विभागापुरता मर्यादित नाही.

या आघाडीवरील वस्तुस्थिती चिंता वाटावी अशी आहे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात घरोघरी जाऊन मुलांना साधी गणिते सोडविण्यास सांगितली जातात. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात इयत्ता पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. उरलेली मुलेही पुढील इयत्तांत जातात. तेथे त्यांच्यापुढे बीजगणित आणि भूमिती येते, पण पायातील चिरा निखळलेलाच राहतो. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि इयत्ता तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत वाचन व गणन यावे यासाठी २०२६-२७ हे वर्ष लक्ष्य म्हणून ठरविले, ते याच जाणिवेतून.

या कामी आंतरजालावर आज विपुल साधनसामग्री विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि साधने हाताशी असणे आणि त्यांचा योग्य उपयोग होणे या दोन भिन्न गोष्टी होत.

उपलब्ध साधने

शिक्षकांच्या परिचयाचे पहिले साधन म्हणजे २०१७ साली सुरू झालेला 'दीक्षा' हा राष्ट्रीय मंच. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या पाठाशी निगडित चित्रफिती व स्वाध्याय समोर येतात. 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यामुळे पाचवीच्या शिक्षकास मूल तिसरीत नेमके काय शिकले असावे, हे क्षणात ताडून पाहता येते.

कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातील अनेक हलती प्रतिरूपे मराठीतही उपलब्ध आहेत. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' ही संगणक प्रणाली उपयुक्त आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात तिची निर्मिती केली. केंब्रिज विद्यापीठाचा 'एनरिच' हा उपक्रम १९९६ पासून विचारप्रवर्तक कोडी पुरवीत आहे. ती इंग्रजीत असली, तरी शिक्षकाने वाचून आपल्या शब्दांत वर्गापुढे मांडण्याजोगी आहेत. पुण्यातील 'आयुका' संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केलेले पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती आणि अनेक मराठी पुस्तके मुक्तपणे मिळतात.

शोधाचा आरंभ मुलाच्या चुकीपासून

इतक्या साधनांतून निवड कशी करावी? धड्याचे नाव टाकून शोध घेतला तर चित्रफितींचा पूर येतो आणि त्यांतील पुष्कळशा फळ्यावरची रीतच पुन्हा एकदा सांगतात. जी रीत मुलास वर्गात समजली नाही, ती पडद्यावर पुन्हा ऐकल्याने समजेलच असे नाही. म्हणून शोधाचा आरंभ धड्याच्या नावापासून न करता मुलाच्या वहीतील चुकीपासून करावा, हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

एक उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करताना दोन मुलांनी ३५ असे उत्तर लिहिले. बरोबर उत्तर २५ आहे. दोघांचीही चूक वरकरणी एकच दिसते. पण पहिल्या मुलाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. दुसऱ्याने दशकाकडून रीतसर हातचा घेतला, बारातून सात वजा केले, मात्र दशकाच्या घरातील पाचाचे चार करावयाचे तो विसरला. उत्तर एक, दुखणी दोन. आता याच मुलांना ६१ मधून ३८ वजा करण्यास सांगावे. पहिला ३७ लिहील, दुसरा ३३ लिहील आणि त्यांची विचारसरणी उघड होईल.

यांवरील उपाय अर्थातच निरनिराळे आहेत. पहिल्या मुलास संख्या म्हणजे दशक आणि एकक यांची जुडी आहे, हेच अद्याप उमगलेले नाही. त्याच्या हाती काड्यांच्या जुड्या द्याव्यात, एक जुडी सोडून दहा सुट्या काड्या करू द्याव्यात. त्यानंतर दशक-एककाच्या ठोकळ्यांचे प्रतिरूप पडद्यावर दाखवावे. दुसऱ्या मुलास हे सर्व ठाऊक आहे. त्याला फक्त सोडलेली जुडी हिशेबातून कमी करण्याची सवय लावावयाची आहे. त्यासाठी दहा मिनिटांची चित्रफीत दाखविण्याचे कारण नाही; नीट निवडलेली पाच उदाहरणे पुरेत. कोणत्या मुलास काय हवे हे कोणतेही संकेतस्थळ सांगू शकत नाही. ते शिक्षकानेच मुलास 'तू हे कसे केलेस?' असे विचारून जाणून घ्यावयाचे असते.

मराठी संख्यानामांची अडचण

परभाषेतून आलेली सामग्री वापरताना एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. इंग्रजीत एकविसाच्या पुढील संख्या ज्या क्रमाने बोलतात त्याच क्रमाने लिहितात; आधी दशक, मग एकक. मराठीत 'एकवीस' म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. त्यामुळे 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणारे मूल मंदबुद्धीचे नसते; ते कानाशी प्रामाणिक असते. 'एकोणसाठ' ऐकताना तर त्याच्या कानावर साठ पडते आणि लिहावयाचे असतात ५९. इंग्रजी धड्याचे केवळ भाषांतर करणाऱ्या चित्रफितीत या अडचणीचा विचार सहसा आढळत नाही, कारण मूळ भाषेत ती अडचणच नाही.

२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक' या धर्तीची संख्यावाचनाची रीतही देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. 'बालभारती'च्या गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी या रीतीची बाजू मांडली होती. त्या वादात कोणाचे मत काहीही असो, शिक्षकाने पहिली-दुसरीच्या वर्गात संख्या दोन्ही रीतींनी उच्चारून, काड्यांनी दाखवून आणि मग लिहवून घेतल्यास मुलाचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. असा पाठ मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून केंद्रातील इतर शाळांना देणे हे कोणत्याही शिक्षकास शक्य आहे. मराठी सामग्रीतील ही उणीव मराठी शिक्षकांनीच भरून काढावयाची आहे.

अपूर्णांक : घडी आणि पडदा

जुन्या पिढीतील माणसे पावकी, निमकी, दीडकी आणि अडीचकी तोंडपाठ म्हणत असत. बाजारातील हिशेबाशी अपूर्णांकांचे नाते त्यामुळे सहज जडे. आजच्या मुलापुढे अपूर्णांक येतो तो रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्यांच्या रूपाने. साहजिकच ते १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी करते.

येथे नियम सांगण्यापूर्वी मुलासच विचारावे : 'अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, भाकरी वाढली की कमी झाली?' २/५ हे तर अर्ध्याहूनही कमी आहेत. उत्तर चुकल्याचे मुलाच्या स्वतःच्या ध्यानात येते, आणि हीच शिकण्याची खरी सुरुवात होय. त्यानंतर समान लांबीच्या कागदी पट्ट्यांना घड्या घालून दोन, तीन आणि सहा समान भाग पाडावेत. अर्धा म्हणजे तीन षष्ठांश, एक तृतीयांश म्हणजे दोन षष्ठांश, म्हणून बेरीज ५/६. हे हाताने केल्यावर 'फेट'मधील अपूर्णांकांचे प्रतिरूप उघडावे. कागदाला बारा किंवा अठरा घड्या घालणे कठीण असते. पडद्यावर ते सहज होते. हाताने जेथपर्यंत जाता येते तेथून पुढे साधनाने न्यावे, हा क्रम उलटू नये.

भूमिती : पडदा आणि पटांगण

'जिओजेब्रा'चे सामर्थ्य आकृती हलविता येण्यात आहे. एका पायावर उभ्या असलेल्या त्रिकोणाचा शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर सरकवीत न्यावा. त्रिकोण कितीही तिरपा झाला तरी क्षेत्रफळाचा आकडा बदलत नाही. फळ्यावर हे दाखविण्यास अनेक आकृत्या काढाव्या लागतात. येथे मूल स्वतः बिंदू सरकवून अनुमान बांधते आणि 'असे का?' हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. त्या प्रश्नानंतर सिद्धता शिकविली तर तिला अर्थ प्राप्त होतो.

काही गोष्टी मात्र पटांगणावरच चांगल्या कळतात. २४ मीटर दोरीचे वेढे करून मुलांनी आयत आखावेत. ११ मीटर लांब व १ मीटर रुंद आयताचे क्षेत्रफळ ११ चौरस मीटर, ८ आणि ४ मीटरचा घेतला तर ३२, आणि सहा-सहाचा चौरस घेतला तर ३६. कुंपण तेवढेच, जमीन मात्र कमी-अधिक. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे कोष्टक शेतकऱ्याच्या मुलास अशा वेळी परके वाटत नाही.

देवळालीच्या शिक्षकाची देणगी

सरावाचा कंटाळा घालविण्यासाठी बाहेरच पाहावे लागते असे नाही. देवळालीच्या शाळेत शिकविणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभरच्या गणितविषयक संकेतस्थळांवर आढळते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिला.

सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. मधल्या उत्तरातील शून्य मात्र गाळू नये. चाळीस मुलांनी चाळीस निरनिराळ्या संख्या घेतल्या, तर हातच्याच्या वजाबाकीचा शंभरावर उदाहरणांचा सराव उत्साहाने होतो, आणि कोणाचे ६१७४ आले नाही तर आपली चूक तो स्वतः शोधू लागतो.

पंचायतीचा सहभाग

वरील उपक्रमांना प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र असण्याची गरज नाही. शाळेत एक मोबाईल आणि एक दूरदर्शन संच किंवा प्रक्षेपक असला तरी काम भागते. 'दीक्षा'वरील सामग्री आणि 'फेट'ची प्रतिरूपे एकदा उतरवून घेतली की जोडणीशिवाय वापरता येतात. जेथे जोडणी पोहोचत नाही, तेथे 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक दूरदर्शन वाहिन्या उपयोगी पडतात.

ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. शाळेचे वीजबिल थकून पुरवठा खंडित होऊ नये. पंचायत कार्यालयात इंटरनेट जोडणी असल्यास शिक्षकांना आठवड्यातून एकदा तेथे सामग्री उतरवून घेण्याची सोय असावी. आणि खरेदी करताना आधी शिक्षकांना विचारावे. नाही तर संच कपाटात आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, अशी स्थिती होते. पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनीही शाळेत किती चित्रफिती दाखविल्या याची नोंद घेण्याऐवजी मुलांच्या दोन-चार वह्या उघडून कोणत्या चुका कमी झाल्या, हे पाहणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

आंतरजालाने जगातील उत्तमोत्तम साधने खेड्यातील शाळेच्या दारापर्यंत आणून ठेवली आहेत. त्यांतून आपल्या वर्गातील मुलास आज नेमके काय हवे, हे निवडण्याचे काम शिक्षकाचे आहे. त्यास त्यासाठी वेळ, वीज आणि विश्वास मिळवून देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. पाचवीतील प्रत्येक मुलास भागाकार येणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. त्याची सुरुवात उद्याच्या गणिताच्या तासाला, एका मुलाची वही लक्षपूर्वक वाचण्यापासून करता येईल.