आठवड्याचा निरोप: खांदा कॉलनीतील शाळा आणि पालक

प्राथमिक वर्गात काय चालले आहे हे पालकांना दर आठवड्याला कळवण्याची पद्धत महाराष्ट्रात फार जुनी नाही. रोजची दैनंदिनी होती, सहामाही आणि वार्षिक परीक्षेनंतर हाती पडणारे प्रगतिपुस्तक होते. या दोन्हींच्या मधला आठवडा मोकळाच राही. तो पुढे कसा भरला, हे पाहायला नवीन पनवेलच्या पश्चिमेची खांदा कॉलनी सोयीची आहे. इथली शाळा, पालक आणि वस्ती तिन्ही जवळपास एकाच काळात उभी राहिली, त्यामुळे सगळा बदल एका पिढीच्या आत मावतो.

खांदा गावाच्या शेजारची ही वसाहत सिडकोच्या आखणीतली. १९९८ साली हार्बर मार्ग पनवेलपर्यंत आला आणि मुंबईत नोकरी करून इथे राहणे जमू लागले. कोकणातून, देशावरून आणि राज्याबाहेरून आलेली कुटुंबे इथल्या सेक्टरांमध्ये स्थिरावली. चांगू काना ठाकूर विद्यालय, महात्मा स्कूल अशा शाळांमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची मुले शिकू लागली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचायलाच लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. म्हणजे नोकरदार आईवडील शाळेच्या फाटकाशी बाईंना भेटतील ही शक्यता मुळातच कमी. मुलाला सोडायला-आणायला आजी, आजोबा नाहीतर व्हॅनवाले काका. शाळेचा निरोप कागदावरूनच घरी पोचणार, हे त्यामुळे ठरूनच गेले.

तो कागद म्हणजे दैनंदिनी. इंग्रजी शाळेत तिलाच कॅलेंडर किंवा हँडबुक म्हणत. पहिल्या पानांवर प्रार्थना, प्रतिज्ञा, सुट्ट्यांची यादी आणि गणवेशाचे नियम. पुढे गैरहजेरीच्या कारणांचा तक्ता, उशिरा आल्याची नोंद, आणि मग तारीखवार पाने: विषय, गृहपाठ, शिक्षकांची सही, पालकांची सही. गृहपाठ फळ्यावरून मुलानेच उतरवून घ्यायचा असल्यामुळे दुसरीतल्या मुलाच्या अक्षरात ‘पान २३’ आणि ‘पान ३२’ यांची अदलाबदल व्हायची. बाईंचा खास शेरा लाल शाईत: ‘वर्गात बोलतो’, ‘वही पूर्ण नाही’, ‘उद्या पालकांनी भेटावे’. दैनंदिनीतला शेरा बहुतेक वेळा तक्रारीचाच असे. मुलाने काही चांगले केले म्हणून घरी दोन ओळी गेल्या, असे क्वचित घडे. ही त्या पद्धतीची खरी उणीव होती. सही मात्र रोज व्हायची, वाचून किंवा न वाचता.

कायद्याने या संवादात लक्ष घातले ते २००९ मध्ये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणे, हे स्पष्ट लिहिले आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या, आणि आकारिक मूल्यमापनासाठी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवणे आले. या नोंदी जर दर आठवड्याला घरी गेल्या असत्या, तर हा मागोवा बराच वेगळा झाला असता. प्रत्यक्षात त्या नोंदवहीत राहिल्या, आणि सत्राच्या अखेरीस तयार वाक्यांच्या यादीतून उचललेल्या ओळी म्हणून प्रगतिपुस्तकात उतरल्या. ‘कवितेचे तालासुरात गायन करतो’ हे वाक्य त्या काळात किती मुलांच्या वाट्याला आले असेल, देव जाणे.

मधल्या काळात शाळांनी एसएमएसही वापरून पाहिले. त्यांतून फीची मुदत आणि पावसाची सुट्टी यांपलीकडे फारसे काही गेले नाही.

खरा फरक व्हॉट्सअ‍ॅपने पडला. २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त डेटा घराघरात पोचला आणि प्रत्येक तुकडीचा गट झाला. सुरुवातीच्या गटांत शाळेची सूचना एक आणि त्यावर ‘ओके मॅम’, ‘नोटेड’, अंगठे व हात जोडलेली चित्रे पन्नास, असा मामला होता. वाढदिवसाचे केक आणि सुप्रभाताच्या फुलांत बाईंचा मूळ निरोप शोधावा लागे. २०१८ मध्ये फक्त अ‍ॅडमिननेच संदेश पाठवण्याची सोय आली, तेव्हा अनेक शाळांनी गटाला कुलूप घातले. गोंगाट थांबला, पण पालकाचा प्रश्न विचारण्याचा मार्गही बंद झाला. मग पालकांनी आपला वेगळा, बाईंविना गट काढला. अभ्यास काय आहे, उद्या कोणता गणवेश, याची चौकशी आणि शाळेवरची टीका दोन्ही तिकडे गेल्या.

आठवड्याची लय ठळकपणे आली ती कोविडमध्ये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज फोनवर येऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ उपक्रमातून दर आठवड्याला प्रश्नसंच येऊ लागले, ‘गोष्टींचा शनिवार’मधून दर शनिवारी एक गोष्ट. खासगी शाळांनी आठवड्याचे वेळापत्रक रविवारी पाठवायला सुरुवात केली. वर्गच घरात आल्यामुळे पालकाला पहिल्यांदा दिसले की आपल्या मुलाला हातच्याची वजाबाकी नेमकी कुठे अडते. प्राथमिक शाळा पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले. तोवर ही सवय दोन्ही बाजूंना लागली होती. त्याच वर्षी ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गट तयार झाले आणि घरी मुलांशी काय खेळावे, काय बोलावे याच्या छोट्या कृती आयांच्या फोनवर जाऊ लागल्या. आजवरच्या निरोपांत हा सर्वांत कामाचा म्हणावा लागेल, कारण त्यात सूचना नव्हती, करून पाहण्याजोगी गोष्ट होती.

आज शहरी प्राथमिक शाळेतला आठवड्याचा निरोप साधारण शुक्रवारी किंवा शनिवारी येतो. भाषेचा कोणता पाठ झाला, गणितात कोणता घटक चालू आहे, परिसर अभ्यासाच्या तासाला काय केले, सोमवारी काय आणायचे. बहुधा शेवटची ओळ आधी वाचली जाते. चांगला निरोप ओळखायची खूण सोपी आहे: तो वाचून घरच्याला मुलाला एक नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे. ‘गणित: बेरीज’ यातून काही विचारता येत नाही, ‘या आठवड्यात दुकानातले सुटे पैसे मोजले’ यातून येते. भाषेची अडचण वेगळीच. इंग्रजी शाळेचा निरोप इंग्रजीत जातो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांच्या घरी तो अनेकदा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. दुपारी मूल ज्यांच्याजवळ असते त्या आजीपर्यंत तर तो पोचतच नाही. मराठीतही दोन ओळी घातल्या तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

निरोपासोबत हल्ली फोटोही येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. वर्गाचा फोटो गटावर टाकण्यापूर्वी शाळांना याचा विचार करावा लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला धरून तयार झालेल्या समग्र प्रगतिपत्रकात पालकाच्या अभिप्रायालाही जागा आहे. आठवड्याच्या निरोपाचे स्थान मात्र सैलच आहे. शिक्षण हक्क कायद्यात पालक सभांबद्दल ‘नियमित’ एवढेच म्हटले आहे. दर आठवड्याला काय आणि किती कळवायचे, हे अजून शाळेच्या पद्धतीवर आणि बाईंच्या सवडीवरच चालते.