दिवाळीच्या सुटीतील यवतमाळ

कोठे जावे, याआधी केव्हा जावे, याचा विचार सहल ठरविताना झाला पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात भरभरून वाहतो. परंतु पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्य त्या दिवसांत बंद असते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा संभव अधिक खरा, पण वऱ्हाडचे ऊन बालकांस व वृद्धांस सोसवत नाही. म्हणून पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुटीत निघणे आम्हांस इष्ट वाटते.

मूर्तिजापूरहून येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची आगगाडी आता धावत नाही. तेव्हा धामणगाव स्थानकावर उतरून पुढे मोटारीने यावे. मुक्काम यवतमाळ शहरी ठेवून पहिला दिवस कळंबच्या चिंतामणीस द्यावा. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात; आजीचा हात नातवंडांनी धरावा. दुसरा दिवस टिपेश्वरचा. तेथील प्रवेश आधीच निश्चित करावा. सहस्रकुंड उमरखेडच्या बाजूस दूर आहे, त्यासाठी तिसरा दिवस राखावा आणि निसरड्या खडकांवर मुलांस मुळीच जाऊ देऊ नये.

वाटेत दुतर्फा फुटलेला कापूस दिसेल. त्याची बोंडे गंमत म्हणून तोडू नयेत. त्याच्या भावावर कितीएक घरांची दिवाळी अवलंबून असते. सहलीहून परतलेला विद्यार्थी वाघाबरोबर कापसाच्या भावाचीही चौकशी करू लागला, तर वडील मंडळींनी केलेला खर्च सार्थकी लागला, असे आम्ही समजू.